मुलाखतीच्या शर्टाला घडी घालत नाहीत

आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम म्हणजे एका चादरीची घडी. डबल बेडची चादर एका माणसाला आवरत नाही. हिरानं पलीकडचे दोन कोपरे धरले, मी अलीकडचे. मागं सरून दोघांनी ताणली, झटकली. मग ती चालत माझ्याकडं आली, तिचे कोपरे माझ्या हातात दिले आणि वाकून खालची घडी उचलली. लग्न झाल्यापासून असंच.

"ओढा की जरा. दुपारी जेवला न्हाई का?" ती म्हणाली.

"तूच ढिली सोडतीस," मी म्हणालो.

हेच शेवटचं बोलणं म्हणायचं. घरी गेल्यावर 'मीठ घ्या', 'लाईट घालवा' एवढं झालं असेल, ते मी धरत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्या इस्त्रीच्या टपरीमागं पाण्याच्या पिंपाजवळ ती जी बसली ती उठली नाही. रिक्षात घालून दवाखान्यात नेली. डॉक्टरांनी नुसती मान हलवली. संध्याकाळी तिला पोचवून आलो.

आणि टपरीत, कुलपाच्या आत, कोमल नावाच्या एका गिऱ्हाईक पोरीचा पांढरा शर्ट आणि काळी पँट खिळ्याला तशीच लटकत होती. बिनइस्त्रीची. पोरीकडं मुलाखतीचा तेवढाच एक जोड. दुसऱ्या दिवशी सकाळी पिरंगुटला एका कारखान्यात तिची मुलाखत होती, आणि हीपण नोकरी हुकली तर दिवाळीला गावी ये ती कायमची, असं तिच्या बापानं बजावलं होतं.

समोरच्या सोसायटीची मंडळी दिवाळी अंक काढतात. मला म्हणाले, काका, एवढी वर्षं नोकरीला लागणारी पोरं बघितलीत, त्यांच्याबद्दल लिहा. मी चौथी शिकलेला. हिरा असती तर म्हणाली असती, लिहा, पर लांबण लावू नका. म्हणून सरळ लिहितो.

आम्ही मारुंजीचे परीट. ज्यांची जमीन होती त्यांनी गुंठे विकले, बंगले बांधले. आमची जमीन नव्हतीच, आमचा ओढा होता. त्या ओढ्यावर गावाची कापडं धुतली. ओढ्याच्या कडेला इमारती आल्या, वॉशिंग मशीन आल्या, धुणं गेलं. मग आम्ही इस्त्रीची टपरी टाकली. इस्त्री कोळशाची. पितळेची, जड. लाईट गेली तरी ती थंड होत नाही, आणि वजन तिचं तिलाच असतं, दाबावं लागत नाही. मी इस्त्री फिरवायचो. पाणी शिंपडणं, बटणं बघणं, उसवलेलं शिवणं आणि गिऱ्हाइकाशी बोलणं हिराकडं. मला बोलता येत नाही. मी बोललो की गिऱ्हाईक दुसरी टपरी बघतं.

कॉलेज संपवून पोरं हिंजवडीला नोकरी शोधायला यायची आणि स्वस्त पडतं म्हणून आमच्याकडं मारुंजीत खोली घ्यायची. लातूरची, अकोल्याची, हिंगोलीची, कुठली कुठली. एका खोलीत तिघं-चौघं. डिग्र्या निरनिराळ्या, मुलाखतीचा शर्ट मात्र एकेकाला एकच. कधी कधी तिघांत मिळून एक. असा एक आकाशी शर्ट होता, सोमवारी एकाच्या मापाचा वाटायचा, बुधवारी दुसऱ्याच्या. हिरा बगलेत टीप घालायची आणि उसवायची. शेवटी म्हणाली, "एकदाचं कुनीतरी लागा रं नोकरीला, कापड फाटाया आलं."

हिराचा एक नियम होता. मुलाखतीचा शर्ट आदल्या दिवशी करायचा नाही. रात्रभर लटकला की त्याची धार जाते, आणि आमच्या रस्त्यानं डंपर एवढे जातात की पांढऱ्यावर धुरळा बसतो. त्याच सकाळी करायचा आणि हँगरवर द्यायचा, घडी घालायची नाही. पोरानं गरम गरम अंगात घालून निघायचं. उरलेल्या कापडांची घडी. त्यामुळं आमच्या टपरीत हँगरवर काय लटकतंय ते बघून आख्ख्या गल्लीला कळायचं, आज कुणाची मुलाखत आहे. पानवाला सुद्धा त्या दिवशी त्या पोराला उधारीचं बोलायचा नाही.

नोकरी लागली का, कसली लागली, पगार बरा आहे का, हे पोरं तोंडानं सांगायची नाहीत. कापडं सांगायची. आम्हाला वाटायचं, आपल्याला सगळं कळतं. ते काही खरं नव्हतं.

एक पोरगा होता, बी.कॉम. झालेला. रोज टाय, रोज कडक कॉलर, काळी पँट. मी त्याला साहेब म्हणायचो. हिरा त्याची कापडं आधी द्यायची. एकदा आम्ही सूसला पाहुण्यांकडं निघालो होतो, तर हा रस्त्याच्या कडेला भर उन्हात उभा. हातात फ्लॅटच्या जाहिरातीचे कागद. येणारी प्रत्येक गाडी थांबवत होता. घामानं कॉलर पार बसलेली. आम्हाला बघून त्यानं तोंड फिरवलं. हिरानं रिक्षा थांबवली, उतरली, त्याच्या हातातला एक कागद घेतला आणि म्हणाली, "मला दाव बाबा तुजा फ्लॅट. दोन खोल्यांचा हाय का?" त्यानं तिला सगळं समजावलं, स्वयंपाकघर कुठं, गॅलरी कुठं. तो कागद बरेच दिवस आमच्या टपरीत चिकटवलेला होता.

उलटं पण झालं. समोरच्या इमारतीत एक कॉम्प्युटर इंजिनिअर राहायचा. इस्त्रीला कधी काही नाही. दुपारी अर्ध्या चड्डीत, बाहीला भोक पडलेल्या बनियनवर खाली यायचा, आमच्या बाकड्यावर बसायचा, मोबाईलकडं बघायचा आणि सुस्कारे टाकायचा. हिरा म्हणाली, बिचाऱ्याला नोकरी न्हाई, तोंड बघा कसं उतरलंय. ती त्याला पिठलं-भाकरी द्यायला लागली. पोरगं मान खाली घालून खायचं. असे कितीतरी महिने गेले. मग एक दिवस त्यानं नवीकोरी मोटार आणली आणि पहिली आमच्या टपरीसमोर उभी केली. आख्ख्या इमारतीत सगळ्यात जास्त पगार त्याचा निघाला. घरातून काम करायचा, परदेशातलं. सुस्कारे त्याच कामाचे होते.

हिरा भडकली. "मेल्या, मग भाकरी का खात हुतास?"

"मावशी," तो म्हणाला, "तुम्ही नोकरी आहे का असं कधी विचारलंच नाही. आणि भाकरी चांगली होती."

तेव्हापासून मी एक ओळखलं, की आमच्याकडं तरी जितका पगार मोठा तितकी इस्त्री कमी. सगळ्यात कडक कापड त्याचं, ज्याला दुसऱ्यांच्या दारात उभं राहायचंय. औषधाच्या कंपनीचा पोरगा डॉक्टरांच्या दाराबाहेर बसतो, त्याला रोज नवी धार पाहिजे. हॉटेलचं शिकलेला एक होता, लवासाच्या बाजूला एका छोट्या हॉटेलात लागला. आठवड्याला पांढऱ्या कोटांचा गठ्ठा घेऊन यायचा आणि तळ्याचं वर्णन करायचा. गठ्ठा बारीक होत गेला. शेवटी एकच कोट राहिला, तोही न मळलेला. म्हणाला, काका, मळायला गिऱ्हाईक तर यायला पाहिजे. आता तो इथंच एका भाड्याच्या गाळ्यात बिर्याणी करतो आणि डबे पोचवतो. कोटाचं नाव काढत नाही, पण बिर्याणीवर कांदा असा लावतो की विचारू नका.

हिरानं एकदा एका पोराचं चांगलं करायला जाऊन वाटोळं केलं, ते पण सांगतो. अकोल्याचा संदीप, मेकॅनिकल झालेला. तीन ठिकाणी नापास होऊन आला होता. चौथ्या मुलाखतीला हिरानं त्याच्या शर्टाच्या खिशात, त्याला न सांगता, देवाचा चिमूटभर भंडारा टाकला. उन्हाळ्याचे दिवस. पोरगं स्कूटरवरून गेलं, घाम आला, आणि साहेबांसमोर बसेपर्यंत छातीवर हा एवढा पिवळा डाग उमटला. साहेब त्याच्या डिग्रीपेक्षा त्या खिशाकडंच बघत राहिले. नोकरी हुकली. त्यानं खोलीवर येऊन रागानं शर्टाला साबण घासला. हळदीला साबण लागला की ती लाल होते. तो लाल शर्ट त्यानं आमच्या टेबलावर आपटला.

"मावशी, हे काय केलंत?"

हिरा त्या दिवशी जेवली नाही. पण हळदीचा डाग काढायची अक्कल आमच्या घरात पहिल्यापासून आहे. त्याला औषध एकच, ऊन. साबण धुऊन टाकायचा, ओला करायचा आणि उन्हात टाकायचा, वाळला की परत ओला करायचा. दुसऱ्या दिवशी ती दिवसभर तांब्या घेऊन त्या शर्टाजवळ बसली. संध्याकाळी शर्ट पहिल्यासारखा. संदीपनं तोच घालून पुढची मुलाखत दिली आणि चाकणला लागला. पगार त्याच्या बापानं शिकायला घातलेल्या पैशापुढं चिल्लर होता, पण लागला. हिरा म्हणाली, "बगा, देवानं दिलं." मी म्हणालो, देवानं नाही, उन्हानं दिलं. दोन दिवस बोलली नाही माझ्याशी.

आता अलीकडं एक नवीनच सुरू झालंय. नोकरीला लागून दहा-बारा वर्षं झालेली, लग्न झालेली, फ्लॅटचा हप्ता असलेली माणसं जुना मुलाखतीचा शर्ट घेऊन येतात. कंपनीनं कमी केलेलं असतं. हँगरवर द्या म्हणायची पण त्यांना लाज वाटते. हिरा विचारायची नाही. शर्ट हातात घेऊन नुसतं त्यांच्या पोटाकडं बघायची आणि म्हणायची, "जरा शिवण सोडून देते." एवढंच.

कोमल हिंगोलीची. तीसुद्धा मेकॅनिकल. पहिल्यांदा आली तेव्हा दोन मैत्रिणींबरोबर आली, तिघी एका खोलीत. एक कॉम्प्युटरवाली, ती वर्षाच्या आत लागली. दुसरी औषधाचं शिकलेली, ती बंगलोरला गेली. कोमल राहिली. कारखान्यात गेली की म्हणायचे, मुलगी आहे, रात्रपाळी कशी करणार, यंत्राजवळ कशी उभी राहणार. ऑफिसात गेली की म्हणायचे, तू तर यंत्राचं शिकलीस. फोनवर बोलायची नोकरी केली, फ्लॅट विकायची केली, कॉम्प्युटरवर नावं भरायची केली. कॉम्प्युटरवाल्या मैत्रिणीचा पगार दरवर्षी चढायचा आणि कोमलचा दर नोकरीला पहिल्यापासून सुरू व्हायचा. तरी दोघी एकाच ताटात जेवायच्या, हे मला लई आवडायचं.

हिराचा तिच्यावर जीव. "कोमे, तू इंजिन उघडतीस व्हय गं?" असं सारखं विचारायची. कोमलनं एकदा आमची इस्त्री उघडून झाकणाची बिजागरी बसवून दिली होती, ते ती सगळ्या गिऱ्हाइकांना दाखवायची.

पिरंगुटच्या कारखान्यात काम होतं तयार मालाची मापं तपासायचं. ती शिकली होती नेमकं तेच. आदल्या दिवशी शर्ट-पँट धुऊन आणून दिली तेव्हा म्हणाली, "मावशी, हे झालं नाही तर मग बस. बाबा म्हणतात, स्थळं बघितलीत."

हिरा म्हणाली, "सकाळी ये. गरम देते."

आणि मग ती दुपार आली.

संध्याकाळी कोमल आमच्या घरी आली होती. बायकांत भिंतीला टेकून बसली. रडली. उठताना माझ्या पायाला हात लावला. शर्टाचा शब्द काढला नाही. मलाही त्या वेळी सुचलं नाही.

सकाळी जाग आली. लोक म्हणतात, अशा वेळी डोळे उघडले की पहिलं आठवतं ते माणूस गेल्याचं. मला पहिला आठवला तो शर्ट.

घरात पाहुणे होते. माझे थोरले भाऊ, त्यांना आम्ही नाना म्हणतो, दारातच बसले होते. मी किल्ली घेतली तसे म्हणाले, "कुटं निगालास?"

"टपरीवर. एका पोरीचा शर्ट करायचाय."

"शिवा, अक्कल हाय का? सुतक हाय आपल्याला. सुतकाच्या हातानं दुसऱ्याच्या कापडाला शिवतोस? पोरगी चांगल्या कामाला निगालीय, तिच्या नशिबाला कशाला नाट लावतोस?"

नाना वाईट माणूस नाहीत. आणि मला पण तीच भीती होती. आमच्या आजा-बापानं गावाच्या सुतकाची कापडं धुतली. कुणाच्या घरी माणूस गेलं की आम्ही धुवायचो तेव्हा त्यांचं सुतक फिटायचं. आमच्याच घरी आलं की दहा दिवस दुसऱ्याच्या कापडाला हात नाही, हे मी लहानपणापासून पाळलेलं. हिरानं माझ्यापेक्षा जास्त पाळलेलं. तरी चपला घातल्या आणि निघालो.

टपरी उघडली, कोळसे पेटवले आणि तिच्या इमारतीच्या वॉचमनला वर पाठवून कोमलला बोलावलं. ती धावत खाली आली. अंगात मैत्रिणीचा पंजाबी ड्रेस, खांद्यावरून ओघळलेला, पिना लावून आवळलेला.

"काका, तुम्ही कशाला आलात? मी हा घालून जाते. चालतंय."

"न्हाई चालत. पोत्यात घातल्यागत दिसतीयास."

तिनं खांद्यावरचा ड्रेस वर ओढला.

"ऐक," मी म्हणालो. "मला सुतक हाय. माजा हात तुज्या कापडाला लागनार. उद्या काय इपरीत झालं तर माज्यावर यायला नगं. तूच सांग, करू का नको?"

तिनं कोळशाकडं बघितलं. मग ओढणीनं नाक पुसलं.

"काका, आजवर आईनं मुहूर्त बघून पाठवलं. मावशींनी दही-साखर दिली. एकानं पण घेतलं नाही मला. आज सुतकात जाऊन बघते."

मला हसू आलं. हिराला जाऊन एक रात्र झाली होती आणि मी टपरीत उभा राहून हसलो. घरी गेल्यावर ही गोष्ट पहिली तिलाच सांगितली असती.

मी शर्ट घेतला. पाणी मीच शिंपडलं, जास्तच पडलं. कॉलर टोकाकडून मधे, मग कफ, मग बाह्या. बटणपट्टीवर आलो तर वरून दुसरं बटण लोंबत होतं. मला सुई ओवता येत नाही, नजर नाही. हिराची सुई टपरीच्या पडद्याला टोचलेली होती, ती मी कोमलला दिली. तिनं उभ्या उभ्या बटण लावलं, दातानं दोरा तोडला आणि शर्ट परत माझ्यापुढं टाकला. पँटची धार मी दोनदा काढली. मैत्रीण स्कूटर सुरू करून उभी होती. आता तीन मजले चढून परत उतरायला वेळ नाही, म्हणून मी म्हणालो, हितंच आत घाल, आणि पडदा ओढून बाहेर आलो.

कोमलला घेतलं त्यांनी. आधी शिकाऊ म्हणून, मैत्रिणीच्या निम्म्याहून कमी पगारावर. आता ती कंपनीचा निळा शर्ट घालते. त्याला इस्त्री लागत नाही, म्हणजे गिऱ्हाईक गेलं. पण हे सगळं नंतरचं. त्या सकाळी यातलं कुणाला काही माहीत नव्हतं.

मी रस्त्याकडं तोंड करून पडद्याला पाठ लावून उभा होतो, तेवढ्यात नाना आले. धापा टाकत, डोक्याला पंचा गुंडाळलेला.

"सगळं घर शोधतंय तुला! तिकडं बायका रडत्यात आन् तू हितं इस्त्री तापवून बसलास?"

"नाना, हळू बोला. आत पोरगी कापडं बदलतीया."

"आं?"

"तिची मुलाखत हाय."

नानांनी पडद्याकडं बघितलं, खाली दिसणारे पाय बघितले आणि एकदम वळून माझ्या शेजारी उभे राहिले. माझ्यासारखेच, रस्त्याकडं तोंड करून.

"तिला सांगितलंस का सुतकाचं?" हळूच म्हणाले.

"सांगितलं."

"मग काय म्हनली?"

मी सांगितलं. नानांनी पंचा सोडला, तोंड पुसलं, परत बांधला. त्यांचे ओठ हलत होते, हसायला येत होतं की रडायला, मी वळून बघितलं नाही.

तेवढ्यात एक पोरगा मोटारसायकल थांबवून उतरला. त्याला आमच्या घरचं काही माहीत नसणार. काखेत कापडांचा गठ्ठा. सरळ पडद्याकडं यायला लागला. "काका, चालू आहे का?"

नाना दोन्ही हात पसरून त्याच्या आडवे झाले.

"थांब की रं जरा. मुलाखत हाय आमच्या पोरीची."